रस्त्यावरील रेघ आणि धर्माचा प्रश्न

डांबरी रस्त्यावर पांढऱ्या रंगाने आखलेल्या दोन रेघांमधील जो पट्टा वाहनांच्या एका रांगेसाठी राखलेला असतो, त्याला सरकारी भाषेत मार्गिका आणि रोजच्या बोलण्यात लेन म्हणतात. भारतातील महामार्गांवर तिची रुंदी साधारणपणे साडेतीन मीटर धरली जाते. ही रेघ निसर्गाने घातलेली नाही, कोणत्याही धर्मग्रंथाने सांगितलेली नाही, आणि डांबराचा नवा थर पडला की ती नाहीशी होते. तरीही इंडिकेटर न देता ती ओलांडणारा, किंवा ती चाकांच्या मधोमध घेऊन दोन लेन अडवत जाणारा चालक केवळ मोटार वाहन कायद्याचा भंग करतो, की त्याच्या हातून अधर्मही घडतो, हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा आहे. धर्म या शब्दाने येथे पूजाअर्चा अभिप्रेत नसून, माणसावर दुसऱ्या माणसाच्या संदर्भात जे वागणे बंधनकारक असते ते, आणि त्या बंधनाचा उगम, एवढेच अभिप्रेत आहे. रस्त्यावरची वागणूक ही सवयीची बाब मानली जात असल्याने हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु आजच्या शहरी माणसाचा ज्यांचे नावगाव त्याला ठाऊक नाही अशा माणसांशी जिवाच्या मोलाचा व्यवहार जितका रस्त्यावर घडतो, तितका अन्यत्र क्वचितच घडतो.

डावीकडून चालण्यात स्वतःचे असे कोणतेही पुण्य नाही, हे आधी मान्य करावे लागते. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत वाहने डावीकडून धावत असत. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी बाजू बदलण्यास नकार दिला होता, तरी पुढे तेथील संसदेने बदलाचा निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजल्यापासून साऱ्या देशाची वाहतूक उजवीकडून सुरू झाली. आदल्या दिवशी जे वागणे जबाबदारीचे होते तेच त्या पहाटेपासून जीवघेणे ठरले, आणि या दोन अवस्थांच्या दरम्यान गाड्या त्याच होत्या, माणसेही तीच होती. गोव्याचा इतिहासही हेच सांगतो : पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली, परंतु गोव्याच्या सीमेपलीकडच्या ब्रिटिश मुलखात वाहतूक डावीकडून चालत असल्याने तेथे डावी बाजूच कायम राहिली. शासन एकच असूनही लिस्बनमध्ये जे बरोबर ते पणजीत चूक होते, आणि यात कोणतीही विसंगती नव्हती.

डेव्हिड लुईस या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६९ च्या आपल्या ग्रंथात अशा नियमांना संकेत म्हटले आहे. त्याच्या मते, जेथे सर्वांनी एकाच प्रकारे वागणे सर्वांच्या हिताचे असते, पण तो प्रकार कोणता असावा याला महत्त्व नसते, तेथे इतरही तसेच वागतील या परस्पर अपेक्षेवर संकेत उभा राहतो. त्याच्या दोन शतके आधी, १७५१ मध्ये, डेव्हिड ह्यूमने नीतितत्त्वांवरील आपल्या ग्रंथात गाडीवान एकमेकांना वाट देताना काही तत्त्वे पाळतात आणि ती परस्परांच्या सोयीवर आधारलेली असतात, याकडे लक्ष वेधले होते. ही मीमांसा नियम का निर्माण होतो हे चांगले सांगते, पण तो मोडणाऱ्याचे नेमके काय चुकते हे सांगताना ती अपुरी पडते. दोन सारख्या मोटारी समोरासमोर आल्या तर दोघांनाही सारखीच भीती असते, म्हणून दोघेही आपापली बाजू धरतात. मात्र मालाने लादलेला अवजड ट्रक आणि दुचाकी यांच्यात भीती सारखी वाटली गेलेली नसते. ट्रकचालकाला लेन सोडण्यात फारसा धोका नसतो, दुचाकीस्वाराला मात्र त्यात सर्वस्व गमवावे लागते. नियमाचा आधार केवळ स्वहित असेल, तर ज्याचे वाहन मोठे त्याच्यावरील नियमाचे बंधन सैल होते, असा निष्कर्ष निघेल, आणि तो कोणाच्याही न्यायबुद्धीला पटणारा नाही.

या ठिकाणी भारतीय परंपरेतील दोन कल्पना उपयोगी पडतात. पहिली समयाची, म्हणजे ठरावाची. आपस्तंबाने आपल्या धर्मसूत्राच्या आरंभीच धर्म हे समय आणि आचार यांतून आलेले म्हटले आहेत. त्याच्या मनातील समय हा धर्म जाणणाऱ्यांचा आहे, हे खरे, परंतु पुढच्या स्मृतिकारांनी ग्रामाने किंवा समूहाने आपापसात केलेले ठराव मोडणे यालाही संविद्‌व्यतिक्रम या नावाने दंडनीय व्यवहारांत स्थान दिले. म्हणजे माणसांनी ठरवलेली गोष्ट माणसांनी ठरवली म्हणूनच बंधनकारक नाही, असे या परंपरेने मानलेले नाही. ठराव होण्यापूर्वी दोन्ही पर्याय सारखे असतील; ठरावानंतर मात्र त्यावर भरवसा ठेवून इतरांनी आपला जीव पणाला लावलेला असतो, आणि तो भरवसा ठेवणाऱ्याचे नुकसान करण्याचा अधिकार वाहनाच्या आकारावरून मिळत नाही.

दुसरी कल्पना मीमांसा दर्शनातील आहे आणि ती अधिक सूक्ष्म आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र असलेल्या या दर्शनाने आज्ञावाक्यांचे, म्हणजे विधींचे, तीन प्रकार केले. जी गोष्ट अन्य कोणत्याही मार्गाने कळली नसती ती सांगतो तो अपूर्वविधी. एकच कार्य साधण्याचे अनेक मार्ग उपलब्ध असताना त्यांतील एकच पक्का करतो तो नियमविधी. आणि दोन गोष्टी एकाच वेळी प्राप्त असताना त्यांतील एकीची निवृत्ती करतो तो परिसंख्याविधी. नियमविधीचे ठरलेले उदाहरण भात कांडण्याचे आहे : यज्ञातील पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या रोटीसाठी, तांदूळ हवेत, भाताचे टरफल नखांनी सोलूनही निघते आणि उखळात कांडूनही निघते, पण शास्त्र सांगते की ते कांडूनच काढावे. टरफल निघणे हे कांडण्याचे दृष्ट फळ, म्हणजे डोळ्यांना दिसणारे फळ. परंतु ते नखांनीही मिळाले असते, तेव्हा कांडण्याचाच आग्रह कशासाठी, असा प्रश्न उरतो. मीमांसकांचे उत्तर असे की, त्या आग्रहाचे पालन केल्याने नियमापूर्व नावाची एक अदृष्ट शक्ती निर्माण होते, आणि तिच्यावाचून यज्ञाचे अंतिम फळ पुरे होत नाही.

मीमांसकांना हा विचार रस्त्याच्या नियमांना लावणे मान्य झाले नसते, हे स्पष्ट केले पाहिजे. त्यांच्या दृष्टीने वेद अपौरुषेय, म्हणजे कोणत्याही व्यक्तीने न रचलेला, तर वाहतुकीचे नियम सर्वस्वी माणसांचे. परंतु प्रश्नाची रचना दोन्हीकडे तीच आहे. रात्री दोन वाजता नगर किंवा सोलापूरच्या बाजूचा एखादा चौपदरी रस्ता रिकामा असताना चालकाने वळणावर आपली लेन सोडून आतली कड धरली, म्हणजे वळण कापले, तर दिसणारे कोणतेही फळ बिघडत नाही, कारण टक्कर देण्यासाठी कोणी हजर नाही. मग नियमाचा आग्रह कशासाठी?

पहिले उत्तर असे की, कोणी हजर नाही हा त्या चालकाचा निर्णय आहे, आणि चूक होऊ शकते ती नेमकी त्याच निर्णयात. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागचीला दिवा किंवा परावर्तक पट्टी नसली, तर मोटारीच्या प्रकाशात ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. आपल्या लेनमध्ये असलेल्या चालकालाही ही ट्रॉली धोकादायक ठरते, पण वळण कापून दुसऱ्याच्या लेनमध्ये गेलेल्याने मागे वळण्याची जागा स्वतःच संपवलेली असते. दुसरे उत्तर नियमापूर्वाच्या अधिक जवळ जाणारे आहे. नियम पाळायचा की नाही हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवणारा चालक नियम पाळत नाही, तो फक्त हिशेब करतो. आणि थकव्याने किंवा घाईने ज्या वेळी हिशेब चुकतो त्या वेळी त्याच्या हातांना दुसरे काही ठाऊक नसते. रिकाम्या रस्त्यावर पाळलेल्या नियमाचे फळ त्या रात्री त्या रस्त्यावर मिळत नाही; ते चालकाच्या ठायी साठते आणि भरल्या रस्त्यावर, विचाराला अवधी नसताना, उपयोगी येते. मीमांसकांचे अदृष्ट परलोकाकडे नेणारे होते. येथील अदृष्ट संस्काररूप आहे, एवढा फरक ध्यानात ठेवला तर ही तुलना ताणलेली ठरत नाही.

आतापर्यंतचा विचार लेन म्हणजे कोणताही एक संकेत असे धरून झाला. परंतु लेनच्या नियमात आणखी एक गोष्ट आहे, जी तिला जुन्या काळच्या वाट देण्याच्या नियमांपासून वेगळी करते आणि जिच्यामुळे तिला नैतिक वजन येते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी हे सांगितले आहे : वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक म्हणजे वेदाध्ययन पुरे केलेला, राजा आणि लग्नाला निघालेला वर. हे सारे एकत्र आले तर स्नातक आणि राजा श्रेष्ठ, आणि या दोघांत राजाने स्नातकाला मान द्यावा. या यादीत दोन निराळी तत्त्वे एकमेकांत मिसळलेली आहेत. वृद्ध, रोगी आणि ओझेवाला यांना वाट मिळते ती त्यांना बाजूला होणे अवघड असते म्हणून. स्नातक आणि राजा यांना ती मिळते त्यांच्या प्रतिष्ठेमुळे.

प्रतिष्ठेवर उभारलेला नियम कोठे नेतो हे महाभारताच्या आदिपर्वातील कल्माषपादाच्या कथेत दिसते. शिकारीहून थकून परतणारा हा राजा आणि वसिष्ठांचा ज्येष्ठ पुत्र शक्ती एका अशा पायवाटेवर समोरासमोर येतात, जिच्यावरून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. राजा म्हणतो वाट सोड. शक्ती म्हणतो की राजाने ब्राह्मणाला वाट द्यावी हाच धर्म. दोघांपैकी कोणीही हटत नाही, राजा चाबूक चालवतो, शक्ती त्याला नरभक्षक राक्षस होण्याचा शाप देतो, आणि पुढे शापग्रस्त राजाच्या भक्ष्यस्थानी सर्वांत आधी शक्तीच पडतो. शास्त्राच्या दृष्टीने शक्तीचे म्हणणे चूक नव्हते. तरीही त्या वाटेवर दोघांचाही नाश ठरला, कारण वाट कोणाची हे ठरवण्यासाठी आधी माणूस कोण हे ठरवावे लागत होते, आणि त्याबाबत दोघांचे एकमत होणे शक्यच नव्हते.

लेन हा प्रश्न विचारतच नाही. आत बसलेला मंत्री आहे की मजूर, हे तिला ठाऊक नसते. कोण कोठे आहे आणि कोणत्या दिशेने चालला आहे, एवढेच ती पाहते. भारताच्या संदर्भात या निर्व्यक्तिकतेचे मोल फार मोठे आहे, कारण रस्ता ही येथे दीर्घकाळ जन्मावरून वाटलेली गोष्ट होती. केरळातील वायकोम येथे मंदिराभोवतीच्या नुसत्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी १९२४ मध्ये सत्याग्रह सुरू करावा लागला आणि तो पुढच्या वर्षापर्यंत चालला. प्रतिष्ठेची उतरंड रस्त्यावर आली की ती सुरक्षिततेचाही बळी घेते, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात नोंदवला आहे. १९२९ मध्ये चाळीसगावी उतरल्यावर त्यांना महारवाड्यात नेण्यासाठी एकही तांगेवाला तांगा हाकायला तयार झाला नाही, कारण महाराला बसवून तांगा हाकणे त्याला कमीपणाचे वाटत होते. तडजोड अशी झाली की तांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतील एका अननुभवी माणसाने लगाम हाती घेतला. थोड्याच अंतरावर समोरून येणाऱ्या मोटारीशी होणारी टक्कर कशीबशी टळली, आणि पुढे नदीवरच्या मोरीवर, जिच्या कडेला भिंतीऐवजी अंतराअंतरावर नुसते दगड होते, तांग्याचे चाक एका दगडाला धडकून आंबेडकर बाहेर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. चाक कडेपासून किती दूर ठेवावे हे ज्याला हातच्या सवयीने कळत होते, तो तांगेवाला जातीच्या अभिमानापायी घरी बसला होता.

मंत्री आणि अधिकारी यांच्या गाड्यांवरील लाल दिवे १ मे २०१७ पासून बंद झाले, पण उतरंड तेवढ्याने संपलेली नाही. मागून डिपर मारत, म्हणजे पुढचे दिवे उघडझाप करत, पुढच्याला लेनमधून हुसकावणारी महागडी गाडी कल्माषपादाचाच दावा करत असते. याच्या उलट बाजूची चूक कमी ओळखली जाते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर प्रत्येक दिशेला तीन लेन आहेत. डावी अवजड वाहनांसाठी आणि उजवी ओव्हरटेक करण्यासाठी, असा तेथील क्रम आहे. वेगमर्यादेच्या आत राहून, पण सलग उजवी लेन धरून जाणाऱ्या चालकाला आपण निर्दोष आहोत असे प्रामाणिकपणे वाटते. तो वेगाचा नियम पाळतो, परंतु ती लेन ज्या कामासाठी आहे ते काम बंद पाडतो, आणि मागच्यांना डावीकडून, म्हणजे जिकडून कोणी येईल अशी अपेक्षा नसते तिकडून, पुढे जाण्यास भाग पाडतो. शक्तीचीही भूमिका याहून फार निराळी नव्हती : शास्त्राप्रमाणे वाट माझी, तेव्हा मी हलणार नाही.

लेनमध्ये असणे आणि लेनमध्ये नीट असणे यांतही अंतर आहे. सर्वसाधारण मोटार सुमारे पावणेदोन मीटर रुंद असते, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनमध्ये ती बरोबर मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना साधारण पाऊण ते एक मीटर जागा उरते. परंतु भारतात चालक गाडीच्या मध्यावर बसत नाही. त्याची जागा मध्यरेषेपासून सुमारे एक फूट उजवीकडे असते. नवशिक्याला लेनच्या मधोमध जाण्यास सांगितले तर तो नकळत स्वतःला मधोमध ठेवतो, आणि त्यामुळे गाडी तेवढीच डावीकडे सरकते. उजवीकडे ऐसपैस जागा राहते आणि डावीकडे जेमतेम अर्धा मीटर, नेमकी जेथून सायकलस्वार, पायी जाणारा किंवा साइडपट्टीवर थांबलेली रिक्षा यांचा संबंध येतो. चूक त्याला दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांना सारे समतोलच दिसत असते. गाडी मध्यावर राहावी यासाठी चालकाने स्वतः मध्यापासून बाजूला असणे पत्करावे लागते, ज्या डाव्या कडेवर आपण बसलेलो नाही तिचे भान सतत ठेवावे लागते, आणि बॉनेटजवळच्या रेघेकडे न पाहता नजर दूर रस्त्याच्या टोकाकडे लावावी लागते. जवळ पाहणाऱ्याची गाडी सतत डावी-उजवी होत राहते.

नीतिशास्त्राच्या दृष्टीने ही बारकाई महत्त्वाची आहे. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत. ते रूपक आत्मसंयमासाठी अतुलनीय आहे, पण त्या रस्त्यावर दुसरा रथ नाही. मोटारचालकाचा संयम दुसऱ्यांच्या गर्दीत पारखला जातो, आणि तेथे स्वतःच्या बुद्धीवरील ताब्याइतकेच दुसऱ्याच्या जागेवरून स्वतःकडे पाहता येणे आवश्यक ठरते. ट्रकच्या डाव्या बाजूला, त्याच्या आरशात न दिसणाऱ्या भागात, बराच वेळ समांतर चालणारी मोटार कोणताही नियम मोडत नाही. मात्र त्या ट्रकचालकाच्या लेखी ती अस्तित्वातच नसते. तेथून पुढे निघून जाणे किंवा मागे राहणे हे कोणत्याही रेघेने सांगितलेले नाही, ते ज्याचे त्याने ओळखायचे असते.

जुन्या यादीतील प्रतिष्ठेचे तत्त्व टाकून दिले तरी असमर्थतेचे तत्त्व टाकण्याजोगे नाही, आणि आधुनिक नियमांनी ते टाकलेलेही नाही. रस्ता नियमांनुसार अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते, कारण चढावर एकदा थांबलेल्या भरल्या गाडीला पुन्हा उचल घेणे कठीण जाते. मनूच्या यादीतील ओझेवाला येथे नव्या रूपात उभा आहे. रोग्यासाठी रुग्णवाहिका आहे, आणि तिला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आक्षेप असा येईल की, जेथे बहुसंख्य लोक लेन पाळत नाहीत तेथे संकेतच अस्तित्वात नाही, आणि संकेत नसेल तर बंधनही नाही. लुईसच्या विचाराने हा आक्षेप बराच सबळ आहे. परंतु रेघ निरुपयोगी झाली म्हणून तिच्यामागचा भरवसा निरुपयोगी होत नाही. अशा रस्त्यावर इंडिकेटर आधी देणे, हळूहळू सरकणे, अचानक कट न मारणे, यांतून तोच भरवसा रेघेवाचून निर्माण करावा लागतो. आणि जो लेन पाळतो त्यालाही समोरून चुकीच्या दिशेने, म्हणजे रॉंग साइडने, येणाऱ्या दुचाकीसाठी ब्रेक दाबणे भागच आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनाच्या अपघातात दंड होऊ नये असे दहा प्रसंग दिले आहेत. वेसण तुटणे, जू मोडणे, आस किंवा चाक मोडणे यांच्या जोडीला, सारथ्याने ‘बाजूला हो’ असे ओरडून सांगितलेले असणे हाही त्यांतील एक आहे. सारथी अकुशल असेल आणि त्यामुळे वाहन वाट सोडून कोणाला इजा करील, तर दंड मालकाला, दोनशे पण (‘पण’ हे तेव्हाचे नाणे), असेही लगेच पुढे सांगितले आहे. यांतील अकुशलतेची जबाबदारी आजही तशीच आहे, मात्र ओरडून सांगितल्याची सूट उरलेली नाही : हॉर्न वाजवला होता, एवढ्यावरून आजचा चालक कायद्याने सुटत नाही, आणि ज्या अर्थाने येथे धर्म हा शब्द वापरला त्या अर्थानेही त्याला सुटता येत नाही, कारण हॉर्न ऐकणाऱ्याला बाजूला होण्यासाठी जागा होती की नाही हे पाहणे त्याच्याच हाती होते.